जमिनीला कान लावायची बंदी

एकदा एक आचार्य होते. पठारावरच्या एका नगरात, वेशीच्या आतल्या अंगाला त्यांची पाठशाळा होती आणि तिथे तर्कशास्त्र शिकवले जाई. ह्या पाठशाळेत देवाचे नाव घ्यायला मनाई नव्हती, आणि न घ्यायलाही नव्हती. मनाई होती ती फक्त 'असं सगळेच म्हणतात' ह्या वाक्याला. हे वाक्य ज्याच्या तोंडून निघे त्याला आचार्य हसून म्हणत, "सगळे म्हणजे कोण रे? एकेकाचं नाव सांग बघू." नावे सांगता सांगता विद्यार्थ्याच्या लक्षात येई, की 'सगळे' ह्या नावाचा माणूस अजून जन्माला आलेला नाही.

आचार्यांच्या शिष्यांत मेघश्याम सर्वांत तल्लख होता. समोरच्याच्या बोलण्यातली फट त्याला इतक्या लवकर दिसे, की समोरच्याचे वाक्य पुरे व्हायच्या आतच त्याचे उत्तर तयार असे. त्याच्यात एकच उणीव होती, आणि ती त्याला स्वतःला उणीव वाटत नव्हती. वादात हरलेल्या माणसाचा उतरलेला चेहरा पाहायला त्याला आवडत असे.

नगराच्या दक्षिणेला वीटभट्ट्या होत्या. तिथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या विटा आणि कौले भाजत आली होती. त्यांना देऊळ नव्हते, मूर्ती नव्हती, पोथीही नव्हती. माती काढायच्या आधी ती गुडघे टेकून जमिनीला कान लावत आणि तिची परवानगी मागत. जमीन 'घे' म्हणाली तरच कुदळ उचलायची, अशी त्यांची श्रद्धा. नगरातले लोक त्यांना चेष्टेने 'कानलावे' म्हणत. चेष्टा जुनी होती. वापरून वापरून तिची धार गेलेली होती.

त्या वर्षी नगरातल्या मोठ्या देवळाच्या मठात नवे महंत आले. महंत लबाड नव्हते, हे आधीच सांगून ठेवले पाहिजे. लबाड माणूस एक वेळ परवडतो. आपण खोटे बोलतो आहोत एवढे तरी त्याला ठाऊक असते. महंतांना मात्र आयुष्यात कधी, कशाचीच शंका आलेली नव्हती. ते पहाटे उठत, एकभुक्त राहत, स्वतःसाठी काही मागत नसत, आणि आपल्याला जे कळले आहे त्यापलीकडे कळण्यासारखे काही उरले आहे असे त्यांच्या स्वप्नातही येत नसे.

देवळाचा नवा सभामंडप बांधायला घेतला होता. एके दुपारी त्याची अर्धी भिंत ढासळली आणि एका गवंड्याचा पाय कायमचा गेला. पाया काळ्या मातीतच थांबवला होता, खाली कठीण मुरमापर्यंत नेला नव्हता. आचार्यांनी हे पूर्वी एकदा बोलून दाखवले होते. पण त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि भिंत पडल्यावरही विचारले नाही. महंतांनी पडलेल्या विटांकडे पाहिले आणि कारण त्यांना तिथल्या तिथे कळले.

"ह्या विटांची माती काढताना देवाला विचारलेलं नाही, जमिनीला विचारलेलं आहे. देवापेक्षा चिखलाला मोठं मानणाऱ्यांच्या हातची वीट देवळात कशी टिकेल?"

आठ दिवसांत हेच वाक्य पाणवठ्यावर, बाजारात, न्हाव्याच्या ओट्यावर ऐकू येऊ लागले. जुन्या चेष्टेला नवी धार आली. भट्टीवरच्या बायकांना पाणवठ्यावर मागे उभे राहायला सांगितले जाऊ लागले.

नगर ज्यांच्या अमलाखाली होते ते सरदार स्वतःला न्यायी समजत. त्यांनी ठरवले, की कोणाला एकदम दोषी म्हणायचे नाही. आधी सभा भरवायची, वाद करायचा, आणि मग निर्णय. वादाचा प्रश्न महंतांनीच सुचवला. 'जमीन बोलते काय?' एवढाच. आणि भट्टीवाल्यांविरुद्ध बोलायला त्यांनी मठातला पंडित मागितला नाही. त्यांनी मेघश्यामला मागितले.

मेघश्याम हरखून गेला. तो आचार्यांकडे आला तेव्हा ते अंगणात बसून भेंडी चिरत होते.

"आचार्य, मला सभेत बोलायचंय. जमीन बोलत नाही, हे सिद्ध करायचं आहे."

"बोलत नाहीच," आचार्य म्हणाले. "सिद्ध करशील. मला तुझी काळजी नाही."

"मग आशीर्वाद द्या."

आचार्यांनी विळी बाजूला सरकवली. "खरं तेच बोल. आणि समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घे. पण एक सांग, हा प्रश्न कुणी निवडला?"

"महंतांनी."

"आणि त्याचं उत्तर मिळाल्यावर ते त्याचं काय करणार आहेत?"

मेघश्यामला हा प्रश्न अप्रस्तुत वाटला. "उत्तराचं काय करायचं असतं, आचार्य? खरं काय ते ठरेल. खोटं पडेल. आपण हेच तर शिकलो."

आचार्यांनी त्याला अडवले नाही. खरे बोलायला निघालेल्या माणसाला ते कधीच अडवत नसत.

सभा गढीसमोरच्या मैदानात भरली. भट्टीवाल्यांच्या वतीने धुरपाआजी उभी राहिली. पाठीला पोक आलेली, डोक्यावरचा पदर सारखा सावरणारी ती म्हातारी त्यांच्यात सर्वांत वडील होती.

"लेकरा," ती मेघश्यामला म्हणाली, "मला तुझ्यावानी बोलता येत न्हाई. आमच्या बापजाद्यांनी इचारलं, आम्ही इचारतो. जमीन हो म्हनते तवा घेतो. न्हाई म्हनली तर त्या दिशी हात लावत न्हाई. एवढंच हाय बघ."

"आजी, जमीन जे म्हणते ते तुम्हाला ऐकू येतं?"

"येतं."

"सगळ्यांना सारखंच येतं?"

"जमीन एकच हाय, तवा सारखंच येनार की."

मेघश्यामला हवे होते ते मिळाले. त्याने भट्टीवाल्यांतली तीन माणसे निवडली आणि त्यांना मैदानाच्या तीन टोकांना पाठवले. एकमेकांशी बोलायचे नाही. जमिनीला कान लावायचा, आज माती घ्यावी का असे विचारायचे, आणि येऊन एकेकाने सांगायचे.

पहिला येऊन म्हणाला, "घे म्हनली."

दुसरी बाई म्हणाली, "आज थांब म्हनली."

तिसरा सटवा नावाचा मध्यम वयाचा माणूस होता. भट्टीच्या धगीने त्याच्या भुवया झडल्या होत्या. त्याने मान खाली घातली. "मला काय बी ऐकू आलं न्हाई," तो म्हणाला. "आजच न्हाई. कवाच आलं न्हाई."

आधी एकजण हसला. मग सगळे मैदान हसू लागले. मेघश्यामने हात जोडून सभेला वंदन केले. धुरपाआजीचा चेहरा पाहण्यासाठी त्याने मान वळवली. पण ती त्याच्याकडे पाहत नव्हती. ती सटव्याकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हे मेघश्यामला जरा खटकले. मग कोणीतरी त्याच्या खांद्यावर शाल घातली आणि तो विसरून गेला.

त्यानंतर महंत उठले.

"सरदार, सर्वांदेखत सिद्ध झालं आहे. अज्ञानाला एक वेळ क्षमा असते. पण खोटं आहे हे कळल्यावरही जो त्याला कवटाळतो, तो गावाचा वैरी. ह्या लोकांनी आज देवळात येऊन दीक्षा घ्यावी, नाहीतर सूर्य मावळायच्या आत वेस सोडावी. आणि इथून पुढे ह्या नगराच्या हद्दीत जो कोणी जमिनीला कान लावील, त्यालाही तोच न्याय."

सरदारांनी मान डोलवली. न्यायी दिसण्यासाठी एवढी सभा भरवल्यावर तिच्या निकालाला नाही म्हणणे त्यांना जड गेले असावे. कारकुनाने हुकूम मोठ्याने वाचला.

असे काही होईल हे मेघश्यामला माहीत नव्हते. पण त्याने लगेच स्वतःला समजावले, की त्यांनी खोटी समजूत सोडली म्हणजे प्रश्न मिटला. सोडायला काय हरकत आहे? सिद्ध तर झाले आहे.

"धुरपाबाई," सरदार म्हणाले, "काय म्हणता?"

म्हातारीने पदर सावरला. "दीक्षा घ्यायची म्हंजे तोंडानं हो म्हनायचं आन्‌ मनात न्हाई. तसलं आमाला जमायचं न्हाई, सरकार. आमी जातो."

तेवढ्यात सभेच्या मागच्या बाजूने आचार्य चालत पुढे आले. लोकांनी वाट दिली. शिष्याचे कौतुक करायला येत असतील, असे सर्वांना वाटले. मेघश्यामलाही वाटले, आणि तो पाया पडायला पुढे झाला. आचार्य त्याच्या शेजारून पुढे निघून गेले. मैदानाच्या मधोमध ते थांबले, उपरणे काढून घडी करून बाजूला ठेवले, गुडघे टेकले, आणि सर्वांच्या समोर त्यांनी आपला पांढरा माथा कलता करून जमिनीला कान लावला.

ज्यांनी उभी हयात 'दगड तो दगड आणि माती ती माती' असे शिकवले, ते धुळीत कान लावून पडले होते.

"आचार्य!" सरदार अर्धवट उठले. "हे काय?"

आचार्य सावकाश उठले. कानाला लागलेली माती त्यांनी झटकली नाही.

"काय ऐकलंत?" महंतांनी विचारले. त्यांच्या आवाजात प्रथमच थोडा गोंधळ होता.

"काही नाही," आचार्य म्हणाले. "मला पूर्वी ऐकू येत नव्हतं, आजही आलं नाही. जमीन बोलत नाही, असं माझं मत आहे आणि ते पक्कं आहे."

"मग कान कशाला लावलात?"

"आत्ता बंदी झाली म्हणून. बंदी नव्हती तोवर मला कधी गरज वाटली नव्हती." मग ते सरदारांकडे वळले. "हुकूम स्पष्ट आहे. कान लावील तो वेशीबाहेर. सूर्य मावळायला अजून वेळ आहे. मी पाठशाळेतून माझं अंथरूण घेतो आणि ह्यांच्याबरोबर निघतो."

"पण तुम्ही जिंकलात!" सरदार जवळजवळ ओरडले. "तुमचाच शिष्य जिंकला!"

"म्हणूनच," आचार्य म्हणाले, आणि चालू लागले.

सूर्य कलला तेव्हा भट्टीवाल्यांची रांग वेशीतून बाहेर पडली. गाढवांवर भांडी, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरे. आणि त्यांच्यामध्ये काखेत वळकटी घेतलेले आचार्य. मेघश्याम खांद्यावरची शाल न काढताच धावत त्यांच्या मागे गेला. वेशीपासून थोड्या अंतरावर त्याने त्यांना गाठले. तो संतापलेला होता.

"आचार्य, तुम्ही मला खोटं पाडलंत! सगळ्या सभेसमोर!"

"कुठे? तू बरोबर आहेस असंच तर मी सांगितलं."

"मग ह्या अडाणी समजुतीसाठी घर का सोडता? आणि महंतांशीच भांडायचं असेल तर मला परत सभेत जाऊ द्या. महंतांना तोच प्रश्न विचारतो. त्यांचे तीन पुजारी तीन कोपऱ्यांत बसवतो, देवाला कौल लावायला सांगतो, आणि काय उत्तरं येतात ते बघू! एका घटकेत महंत उघडे पडतील!"

"पडतील," आचार्य म्हणाले. "मग?"

"मग... मग ते हरतील."

"आणि हरले की वेशीबाहेर. त्यांच्यामागे त्यांच्यावर श्रद्धा असलेली सगळी माणसं. त्यानंतर तुझ्यापेक्षा हुशार कुणी येईल आणि तुझ्या बोलण्यातली फट काढील. तेव्हा तू. मेघश्याम, ह्या हत्याराचं तोंड दुसरीकडे वळवावं असं मला वाटत नाही. ते हातातून खाली पडावं असं वाटतं."

"पण खोटं ते खोटंच ना! आपण त्याला खोटं म्हणायचं नाही?"

"शंभरदा म्हणायचं. मी उद्या सकाळी धुरपाबाईंशी भांडणार आहे त्यावर." आचार्य चालता चालता थांबले. रांग त्यांच्या दोन्ही बाजूंनी पुढे सरकत राहिली. "ऐक. वादात माणूस दोन गोष्टी पणाला लावू शकतो. एक त्याचं मत. ते हरण्यासाठीच असतं. हरलं तर माणूस शहाणा होतो. दुसरं त्याचं घर. घर पणाला लागलं, की कुणी मत बदलत नाही, फक्त तोंड बदलतं. आज सटवा खरं बोलला, कारण खरं बोलल्याची किंमत त्याला माहीत नव्हती. उद्या ह्या गावात कुठल्याही सभेत कुणी 'मला ऐकू आलं नाही' असं म्हणेल? तू सत्य सिद्ध केलंस, आणि त्याच सभेत सत्य बोलणं धोक्याचं झालं. तू एका प्रश्नाचं उत्तर फार सुंदर दिलंस. पण भिंत का पडली, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. आणि हा विचारला गेला, म्हणूनच तो विचारायचा राहून गेला."

मेघश्याम पुढे सरकणाऱ्या रांगेकडे वळला.

तेवढ्यात त्याला सटवा दिसला. तो धुरपाआजीचे बोचके डोक्यावर घेऊन चालला होता आणि आजीने त्याच्या दंडाचा आधार घेतला होता. ह्याच माणसाच्या एका वाक्याने त्यांचे सगळे गेले होते. मेघश्यामला वाटले होते, की त्याला आता कोणी जवळ उभे करणार नाही.

तो आजीजवळ गेला. विचारू नये असे वाटत असूनही त्याने विचारले, "आजी, ह्यानं तुमचा घात केला. तरी हा तुमच्यात कसा?"

आजीला प्रश्नच कळला नाही. "आमच्यात न्हाई तर मग कुणात?"

"पण ह्याला ऐकू येत नाही."

"न्हाई येत तर न्हाई येत." तिने सटव्याच्या दंडावर हलकेच थोपटले. "त्यो लई दिसांनी बोलला, ह्येचंच मला वाईट वाटलं. आदीच बोलला असता तर येवडी वर्सं त्येच्या जिवाला घोर ऱ्हायला नसता. आन्‌ तुला म्हनून सांगते, तीन जनांची तीन उत्तरं आली, त्येचा मी बी इचार करतेय. जमीन एकच हाय. मग असं कसं?"

एवढे बोलून ती पुढे गेली. मेघश्याम रस्त्याच्या कडेला उभा राहिला. सर्वांत शेवटचे गाढव निघून गेल्यावर त्याने खांद्यावरची शाल काढली, आणि ती हातात धरून तो नगराकडे वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार भरायच्या वेळी तो गढीसमोरच्या मैदानात आला. शाल त्याने गढीच्या पायरीवर ठेवली. मग मोठ्याने म्हणाला, "काल मी सिद्ध केलं की जमीन बोलत नाही. ते मी मागे घेत नाही. आजही माझं तेच म्हणणं आहे." आणि तो खाली वाकून जमिनीला कान लावून पडला.

पहारेकरी धावत आला. "काय ऐकलंस?"

"काही नाही. चल, मला वेशीबाहेर काढ."

पहारेकऱ्याला काय करावे ते सुचेना. तोवर पाठशाळेतले इतर शिष्य आले. त्यांतल्या काहींनी तेच केले. काही लांब उभे राहिले, त्यांना घरची भीती होती, आणि त्यांना कोणी नावे ठेवली नाहीत. भिंतीखाली ज्याचा पाय गेला तो गवंडी कुबडी टेकत आला, त्याला वाकता येईना, तेव्हा दोघांनी धरून त्याला खाली बसवले. गर्दी वाढली. सरदार सज्जात आले, महंतही मठातून आले.

तेव्हा गोदूकाकू पुढे झाल्या. त्या रोज पहाटे देवाचे हार करत. आजवर एकही आरती त्यांनी चुकवली नव्हती, आणि महंतांचे पाय धुतल्याशिवाय त्या पाणी घेत नसत. त्यांनी फुलांची परडी बाजूला ठेवली आणि गुडघे धरून धरून खाली बसल्या.

"गोदूबाई!" महंत म्हणाले. "तुम्ही? तुमचा विश्वास आहे ह्या चिखलाच्या बोलण्यावर?"

"छे छे, महाराज!" काकूंनी दोन्ही कानांना हात लावले. "माझा देव देवळात आहे. त्याच्याशिवाय मी कुणाला मानलं नाही, मानायची नाही. पण कान माझा आहे. तो कुठे लावायचा, हे सांगणारे तुम्ही कोण?" आणि त्यांनी तो लावला.

सरदार सज्जात उभे होते. भट्टीवाल्यांना घालवणे सोपे होते. पण शाळा, गवंडी आणि देवाचे हार करणारी बाई ह्यांना एका दिवशी घालवायचे, तर मागे राज्य करायला काय उरणार, हे त्यांना दिसले. ते काही न बोलता आत गेले. हुकूम मागे घेतल्याची दवंडी कधीच पिटली गेली नाही. फक्त त्या दुपारी वेशीवरच्या पहाऱ्याला सांगण्यात आले, की येणाऱ्याला अडवू नका. चुका कबूल करण्याची सत्तेची ही जुनी रीत आहे. तिच्यावर भागवावे लागते.

काही शिष्य ओढ्यापलीकडे भट्टीवाल्यांच्या मुक्कामावर परत येण्याचा निरोप घेऊन गेले. काही कुटुंबे पहाटेच पुढे निघून गेली होती. ती पुन्हा कधी आली नाहीत, आणि त्यांच्या भट्ट्या तशाच ढासळत गेल्या. बाकीची परतली. आचार्यही परतले. त्या सकाळी सुरू झालेले धुरपाआजीशी त्यांचे भांडण अजून मिटले नव्हते, म्हणून दोघे वेशीतून भांडतच आत आले.

पण मैदानातली गर्दी पांगली नव्हती. जिंकलेल्या गर्दीला घरी जायला वेळ लागतो. कोणीतरी ओरडले, "महंतांना हाकला!" पाहता पाहता सगळे मठाच्या दरवाजाशी जमले. पाठशाळेतलेच शिष्य पुढे होते. "मेघश्याम, घे परीक्षा!" ते ओरडू लागले. "तीन पुजारी, तीन कोपरे! खोटे पडले की वेशीबाहेर!"

आदल्या संध्याकाळी मेघश्यामने मागितले होते ते हेच. तो गर्दीतून वाट काढत मठाच्या पायऱ्या चढला, आणि दरवाजाकडे पाठ करून उभा राहिला.

"परीक्षा घ्यायची. मीच घेईन," तो म्हणाला. "जशी त्यांची घेतली तशीच, त्याच मैदानात. पण आधी सरदारांकडून एक अट सर्वांदेखत वदवून घ्या. कुणीही हरलं, तरी संध्याकाळी ते आपल्या घरी जेवतील. ही अट नसेल तर मी विचारणार नाही. आणि मी इथे उभा असेपर्यंत ह्या दारातून कुणी कुणाला ओढून काढणार नाही."

"काल तूच शाल घेतलीस!" गर्दीतून कोणी म्हणाले.

"घेतली," मेघश्याम म्हणाला. "म्हणून तर इथे उभा आहे."

आरडाओरडा झाला. एक दगडही आला; तो त्याच्या खांद्याला घासून दारावर आपटला. तो हलला नाही. हळूहळू पुढच्यांचे पाय मागे सरले. शेवटी पायऱ्यांवर तो एकटाच राहिला.

मागे दरवाजा उघडला. महंत उंबरठ्यावर उभे होते. त्यांची मान कालच्याइतकीच ताठ होती.

"मला तुझी दया नको," ते म्हणाले.

"दया नाही, महाराज," मेघश्याम वळून, हात जोडून म्हणाला. "मी तुम्हाला हरवणार आहे. पण हरवायला समोरचा माणूस गावात राहायला हवा."

महंतांनी त्याच्याकडे पाहिले. मग त्यांनी बोलायला तोंड उघडले. मेघश्याम त्यांच्या तोंडाकडे पाहत, त्यांचे बोलणे पुरते ऐकून घ्यायला थांबला.

ज्या गावात वाद हरलेला माणूस संध्याकाळी आपल्या घरी जेवायला जातो, त्याच गावात उद्या कोणी खरे बोलण्याची शक्यता असते.